देवानं नाकारलेलं जांभूळ

झाडांच्या मुळांत बुरशी राहते, झाडाला पाणी पुरवते आणि बदल्यात साखर खाते. तिचा डीएनए तपासून झाडागणिक ती किती बदलते हे शोधायचं, असा माझ्या पीएचडीचा विषय होता. फरक सापडला तर प्रबंध, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

त्यासाठी मार्गासनी गावाच्या पुढच्या एका देवराईतली मुळं हवी होती. तिथून वाळकी काटकीही बाहेर नेत नाहीत. देवाची पूजा करणाऱ्या गुरवमामांनी गावापुढं माझी बाजू घेतली, पण अट घातली. "ताई, दर झाडाला कौल लावायचा. अन् न्हेलेलं समदं परत आनायचं. उद्या कुनाचं ढोर मेलं, तर गाव मला धरंल."

देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तीन दिवस आम्ही फुलांकडं टक लावून बसलो. वीस झाडांना होकार मिळाला. ओढ्याकाठच्या जांभळाला मात्र चार वेळा नकार. झाडं कशी निवडली, असं गाइडनी विचारलं तेव्हा मी बेधडक म्हणाले, "रँडम."

पुण्यात मुळं गोठवून कुटली. शेवटी वीस नळ्यांत डीएनएचा एकेक थेंब उरला. निकाल आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. वीसही झाडांखाली एकच बुरशी होती, फरक औषधालाही नाही.

शब्द दिला होता म्हणून नळ्या घेऊन गेले. मामांनी एक उजेडात धरली.

"पोतंभर न्हेलं हुतं की. येवढंच?"

"बाकीचं कुटण्यात गेलं, मामा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळा निकालच सांगून टाकला.

मामांनी वीसही थेंब एकेका झाडाच्या बुंध्याशी ओतले. मग म्हणाले, "समदी येकसारकी व्हती, म्हून देवानं दिली. येगळं हाय ते त्यानं ठिवून घेतलंय."

आम्ही दोघांनीही जांभळाकडं पाहिलं. मामा फुलं ओली करून आले. पाचव्यांदा कौल लावला. डावं फूल लगेच पडलं.

फरक नसणं हाही निष्कर्षच, असं गाइड म्हणाले; म्हणून त्या देवराईत एकच बुरशी आहे, असं मी प्रबंधात लिहिलं. जांभळापुरतं ते मला अजून खरं वाटत नाही.