भाऊंनी निवडलेली बॅटरी

अन्याय झाला तो आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाऊंवर. १९८६च्या जानेवारीत, अमावास्येच्या संध्याकाळी, भुईगावच्या किनाऱ्यावर. आजवर पत्रकांतून मी टँकरच्या कंत्राटदारांना झोडपलं. या वेळी अन्याय करणारा मी आहे.

भाऊंना तुम्ही पाहिलंय. कुठल्याही गॅरेजात शिरायचे, एका हाताने बॅटरी उचलायचे आणि डोळे मिटून वीस पावलं चालायचे. मग म्हणायचे, "वाळूत वजन दुप्पट होईल."

दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली होती. जन्मात एकदाच येणाऱ्या धूमकेतूचा फोटो त्यांना हवा होता. फोटोसाठी दुर्बीण आकाशाबरोबर हळूहळू फिरत राहायला हवी. त्यासाठी मोटर, आणि किनाऱ्यावर वीज कुठली? टॉर्चचे सेल दमले. स्कूटरची बॅटरी टिकेना. शेवटी टॅक्सीची जुनी घेतली. महिनाभर ओटीवर एकटेच घड्याळ घेऊन बसायचे, मोटर किती वेळ फिरते ते वहीत लिहायचे.

"भाऊ, ट्रकचीच घ्यायची ना!" मी म्हणालो.

"दोघं असतो तर घेतली असती."

ते हसले, मीही हसलो. 'मी येतो' म्हणायचं सुचलं नाही. सभा होत्या ना!

त्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी आपली सभा होती, विहिरींचं पाणी टँकरने उपसण्याविरुद्ध. तुम्हीही होतात. ऐन वेळी वीज गेली. मी तुळिंजच्या चार्जिंगच्या दुकानात धावलो. तिथे बॅटरी भरली की तिच्यावर खडूने फुली मारतात. फुली मारलेली एकच होती, भाऊंची.

दुकानदार आपल्यातलाच. "ने रे, पान्याचं काम हाय. सकाळी आनून दे, परत चार्जिंगला लावतो."

लाउडस्पीकर तीन तास गरजला. सकाळी दुकानदार जागेवर नव्हता. घाईत बॅटरी फळीवर ठेवून मी निघालो. खडूची फुली पुसली नाही. दुपारी भाऊ आले, फुली पाहिली आणि घेऊन गेले.

संध्याकाळी राहवेना, म्हणून किनाऱ्यावर गेलो. भाऊंनी कॅमेरा लावला, बटण दाबलं. मोटर जराशी फिरली आणि थांबली. त्यांनी तिला कान लावला. धूमकेतू समुद्राकडे उतरत होता.

"माझीच निवड चुकली रे. जुनी घ्यायला नको होती."

सभेत तासभर बोलणारा मी. 'काल बॅटरी मी नेली होती' एवढं न सांगताच मी घरी निघालो.

मार्चमध्ये धूमकेतू पहाटे पुन्हा दिसला. तोवर भाऊंनी दुर्बीण मोडीत दिली होती. "आपल्याला नाही जमत," एवढंच म्हणाले. पावसाळ्याआधी नोकरी सोडली, खोली रिकामी केली. कुठे गेले, शेजाऱ्यालाही ठाऊक नाही. "आम्ही विचारलंच नाय," तो म्हणाला. मीही विचारलं नव्हतं.

हे पत्रक फेकू नका. भाऊ कुठेही दिसले तर त्यांना गाठा आणि सांगा: बॅटरी उत्तम होती, निवड बरोबर होती, तिची वीज सभेत आम्ही संपवली. कुणी, असं विचारतील. माझं नाव सांगा.