पेज कोणी खातं का?

"सिस्टर, उपाशीपोटी शुगर पुन्हा दोनशे ऐंशी?" डॉक्टर फोनवर वैतागले. "मग गोळी वाढवू. जखम भरली नाही तर जिल्ह्याला पाठवा. बोट काढावं लागेल."

सावली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते, आता रिटायर झाले. तेव्हा समोर स्टुलावर गिरजाबाई बसल्या होत्या. रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, सगळ्यांच्या पुढे असणारी बाई, आणि पायाच्या बोटाला महिनाभराची जखम. शुगर असली की जखम हट्टी होते.

एक जानेवारीला वरून फॉर्म आला होता. प्रत्येक पेशंटचं नव्या वर्षाचं टार्गेट भरायचं. छापूनच आलेलं : रोज पहाटे पाऊण तास चालणे.

"रस्त्यानं वाघ फिरून राह्यला जी," गिरजाबाई म्हणाल्या होत्या. "मी त्याच्या मागं फिरू का पुढं?"

तसंही, अशा पायानं चालणार काय? मी ते खोडलं. लिहिलं, भात दोनच वेळ, एकेक वाटी. म्हटलं, एवढं जमेल. बाईंनी पाळलंही. गोळ्याही वेळेवर. तरी तीन आठवडे आकडा हलेना. मला चैन पडेना. कुठं चुकतंय?

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता त्यांच्या घरी गेले. बाई चुलीपाशी लोटा तोंडाला लावून बसलेल्या.

"बाई, आज पुन्हा टेस्ट आहे ना? उपाशी आहात?"

"उपाशीच आहो जी."

"मग हे काय?"

"पेज. नव्या धानाची. रोज एक लोटा."

"अहो, मग खाल्लंच की!"

"पेज का खायची चीज हाये? पेज तं पेतात."

सून फिसकन हसली. मला हसू येईना. उपाशीपोटी म्हणजे रात्रीनंतर पाण्याशिवाय काहीच नाही. मी आपली दर टेस्टला विचारायची, "जेवलात का?" त्या खरंच सांगायच्या, "नाई." माझ्या त्या आकड्यावर गोळी वाढणार होती.

तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, गोळी वाढवू नका. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी आकडा आला एकशे साठ. गोळी तीच राहिली. डॉक्टर म्हणाले, पेज बंद करा. मी म्हटलं, बंद नाही होणार साहेब, कमी होईल. मी लोट्यावरून एका कपावर आणायला गेले.

"कप? कपात तं मांजरीले देतेत!"

शेवटी अर्ध्या ग्लासावर सौदा जमला. दिवसाआड ड्रेसिंग केलं. होळीपर्यंत जखम सुकली. बोट जागेवर आहे.

तेव्हापासून मी एकच विचारत आले, "पाण्याशिवाय तोंडात काय गेलं?" टार्गेट लिहायच्या आधी एवढं विचारलं की अर्धं काम होतं.

होळीला बाई बोट दाखवायला आल्या, तेव्हा माझ्या हातात तिसरा चहा होता. माझंही जानेवारीत टार्गेट होतं, गोड बंद.

"साखरेचा हाये ना जी, सिस्टरबाई?"

"एवढासाच तर आहे."

"राहू द्या. चहा का खायची चीज हाये?"