मेन मी पाडला होता

सातही कॉम्प्युटर निळे होऊन अडले होते. साहेब दारातूनच ओरडले, "काल मेन कोणी पाडला?"

"मी," मी म्हटलं. मेन रोज मीच पाडायची.

धानाच्या बियाण्याच्या कंपनीचं मोहाडीचं ऑफिस ते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली मी तिथं ठेक्यावर लागले. झाडायचं, चहा करायचा, आणि संध्याकाळी सगळे गेले की मेन स्विच पाडून कुलूप लावायचं. एकदा विजेनं दोन पंखे जळाले, तेव्हापासून तो साहेबांचाच हुकूम होता. इतक्या वर्षांत मी एक दिवस चुकले नव्हते.

बाहेर शेतकरी उभे होते. कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघाल्याशिवाय गोदामातून बियाणं सुटत नसे. बाबू नाइलाजाने हाताने चिठ्ठ्या लिहीत म्हणाला, "मावशीनं एका हातानं सात मारले जी!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. घरात कमावणारी मी एकटीच. मी झाडू ठेवला, डबा उचलला.

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या मॅडम भंडाऱ्याहून एसटीने आल्या. सगळ्या ऑफिसांचे कॉम्प्युटर त्यांच्याकडे होते.

"मावशी, कुठं निघाल्या?"

"घरी. काढलं मले."

"काहून?"

"मेन पाडला म्हणून."

त्या सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. कॉम्प्युटर आपले आपण अपडेट होतात, दिवसा केलं तर काम अडतं, म्हणून त्यांनीच कालपासून संध्याकाळी सहानंतरची वेळ लावली होती. तेव्हा लाईट बंद करायची नसते. मागच्या खेपेला त्यांनी ते ऑफिसात सांगितलं तेव्हा मी मागे कप धूत होते.

"सर, मी सगळ्यांना सांगितलं, आणि जी मेन बंद करते तिलाच नाही सांगितलं. भिंतीवर कागद लावला तोही इंग्रजीत. चूक माझी. लिहून देते."

आणि लिहून दिलं. त्यांची स्वतःची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तोवर त्या ऑफिसात आपली चूक कोणी तोंडानेही कबूल केलेली मी पाहिली नव्हती.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "चहा ठेवा."

मॅडम संध्याकाळपर्यंत खपल्या. सहा कॉम्प्युटर उठले, एक मेला. मग त्यांनी पद्धतच बदलली. आधी एकाच कॉम्प्युटरवर अपडेट करून दोन दिवस बघायचं, मग गुरुवारी बाकीच्यांवर. आणि गुरुवारी मेन कधी पाडायचा, ते माझ्या हाती दिलं.

"पडद्यावर गोल फिरत असलं का मेनले हात नाही लावाचा, मावशी."

"आणि लाईनच गेली तर?"

"म्हणून तर बॅटऱ्या बसवून राहिली ना मी!"

मी चौथी शिकलेली. पण गुरुवारी एकेक पडदा बघितल्याशिवाय मी निघाले नाही. बाबू घाई करायचा, "मावशी, इंजिनीअर झाल्या का जी तुम्ही?" मी म्हणायची, "तुले घाई असन तर तू जाय."

मॅडमचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. मला तसलं बोलता येत नाही. फक्त त्यांच्या चहात साखर कमी लागते हे लक्षात ठेवलं. पण माझी भाकर त्या बाईने वाचवली, हे लिहून ठेवते.

मॅडम पुढे कायम झाल्या. मी साठ पूर्ण करूनच त्या ऑफिसातून निघाले.