हिरव्या पक्षाचा उमेदवार

महाडातल्या आमच्या हिरव्या पक्षाचा अध्यक्ष, उमेदवार आणि सतरंज्या घालणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा शेजारी आहे. कचरा नको म्हणून बैठकीला कप घरून आणायचा, हा त्याचा नियम. विसरलात तर चहा नाही. कुठेही तोंड उघडताना तो आधी "खरं सांगू का?" असं विचारतो आणि कुणी हो म्हणायच्या आत सांगून मोकळा होतो.

प्रचाराला आम्ही पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत गेलो. लोकांना रस्ता हवा होता, आणि समोरच्या उमेदवारानं तो कबूलही केला होता. हा म्हणाला, "खरं सांगू का? रस्त्यासाठी डोंगर कापलात तर पावसात तो अंगावर येईल." मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात एका आजारी आजीला डोलीतून खाली दवाखान्यात न्यायची वेळ आली. एक माणूस कमी पडत होता. यानं झेंडा माझ्या हातात कोंबला आणि डोलीचा दांडा खांद्यावर घेतला.

निम्म्या उतारावर आजी म्हणाली, "न्हेतोस त्ये बरा करतोस, बाबा. पन मत मी रस्तेवाल्यालाच देनार हाय."

निदान आता तरी गप्प बस, असं मी त्याला डोळ्यांनी खुणावलं.

"द्या, आजी," तो धापा टाकत म्हणाला. "खरं सांगू का? तुमच्या जागी मीपण त्यालाच दिलं असतं."