गवंडीमामी आणि बैठकीची भिंत

मामाच्या गावाला गेलं की आम्हाला आधी घराचं दार शोधावं लागायचं. खोटं नाही सांगत. मानवतला एसटीतून उतरावं, पिशव्या सांभाळत गल्लीत शिरावं, तर दिवाळीत रस्त्याकडे तोंड असलेलं दार उन्हाळ्याच्या सुट्टीत बोळाकडे गेलेलं असायचं. जुन्या दाराच्या जागी खिडकी, आणि खिडकीत डोक्याला फडकं बांधलेली, नाकाच्या शेंड्यावर चुना लागलेली मामी. "इकडून न्हाई गं छाये, तिकडून ये. चहाचं बघते, आधी एवढी वीट धर." भाची आली की तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यावा, ही जगाची रीत. आमची मामी वीट द्यायची.

गवंडीमामी हे नाव मामांनीच ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पत्रिकेवर तिचं खरं नाव वाचून नातेवाईक ही कोण म्हणून विचारायचे. मामा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्या मोजून माणसाने घरी यावं, चपला काढाव्यात, नेहमीच्या जागी पलंगावर टेकायला जावं, तर तिथे पलंगच नाही. एकदा चांगले आपटले. तेव्हापासून उंबऱ्यात उभं राहून आधी विचारायचे, "आज कुठं बसू?" पण रागावलेले मी कधी पाहिले नाहीत. "लोकायच्या बायका साड्या बदलत्यात, आमची भिताडं बदलती," असं चारचौघांत सांगायचे आणि सांगताना त्यांची मान उगीच ताठ व्हायची.

"इकत कशाला आणायचं? हाय की घरात," हे मामीचं ठरलेलं वाक्य. घराला पत्रे होते. वैशाखात परभणीकडच्या उन्हात पत्र्याखाली बसणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. मामीने पत्र्याला वरून चुन्याचे हात दिले आणि खालून जुन्या साड्या ताणून बांधल्या. दुपारी आडवं झालं की वर सगळं घराणं दिसायचं. माझ्या आईची मोरपंखी, आजीची इरकली, थोरल्या मावशीची ती भडक गुलाबी, जी तिच्याशिवाय कुणालाच आवडली नव्हती. मोडक्या कुलरचा सांगाडा भांड्यांची मांडणी झाला होता. ट्रॅक्टरच्या टायरांना सुंभ गुंडाळून बैठकीत बसायची आसनं केली होती. "हे कुठून आणलं हो?" असं कुणी विचारलं की मामीचा चेहरा असा खुलायचा, सोन्याच्या पाटल्या केल्या असत्या तरी तेवढा खुलला नसता.

गावात कुणाचंही घर बांधायला निघालं की वास्तुशांतीच्या कितीतरी आधी मामी तिथे जाऊन यायची. हातात रिकामं पोतं आणि फडक्यात बांधलेले धपाटे. धपाटे मजुरांना, आणि पोत्यात फुटक्या फरश्या. फुकट घेतलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून धपाटे. मी तेव्हा कॉलेजात जात होते. भर बाजारातून तिच्यासोबत ते पोतं धरून यायचं म्हणजे माझा जीव अर्धा व्हायचा. मामी मात्र ओळखीचा दिसेल त्याला थांबवून बोलणार. "चोरून आणायलोत का आपण? मान वर कर की," असं मला दटावणार. त्या तुकड्यांनी तिने सगळं अंगण भरलं. शेजारपाजारची माणसं चहा पिता पिता आपापल्या घरचा तुकडा शोधायची आणि सापडला की पाहुण्यांना दाखवायची.

पुढे अवीने, म्हणजे तिच्या मुलाने, तिला मोबाइल घेऊन दिला आणि घरावर नवंच संकट आलं. घर सजवायचे व्हिडिओ बघायला लागली. कुठल्या देशातला बाप्या असेल, काय भाषा बोलत असेल, तिला घेणंदेणं नाही. ती आवाजच बंद करायची. "त्याच्या तोंडाकडं काय बघायचं? हात बघ त्याचे." हात बघून बघून तिने एकदा भिंती रंगवायचं काढलं. गल्लीतल्या सगळ्यांकडून उरलेले रंगाचे डबे गोळा केले. देवळाच्या कमानीचा, शाळेच्या खिडक्यांचा, कुणाच्या फाटकाचा, आणि सगळे एका बादलीत ओतून ढवळले. त्यातले काही तेलातले, काही पाण्यातले. दूध नासावं तसा बादलीभर रंग नासला. मी हसून हसून खाली बसले. मामीने मात्र तो फेकला नाही, मागच्या भिंतीला थापला. "मागल्या भितीला काय कळतंय," म्हणाली. मामा त्याला पंचायत रंग म्हणायचे, कारण त्यात सगळ्यांचं थोडं थोडं होतं आणि एकाचंही जमलं नव्हतं.

असं सगळं तिने आपल्या हाताने निभावलं. हटली नाही ती फक्त बैठकीची भिंत. भिंतीच्या पलीकडे न्हाणी होती आणि वर्षानुवर्षं तिची ओल आत झिरपायची. रंगाचे पोपडे यायचे, टेकून बसलं की पाठ गार पडायची. मामीने तिला सिमेंट लावून पाहिलं, डांबर लावून पाहिलं, शेवटी वरून देवांची कॅलेंडरं लावली. चार महिन्यांत देवही भिजायचे.

तोवर अवीच्या लग्नाचं निघालं. अवीचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्याने तार भरायला त्याच्याकडे यायच्या, हाताला चोख, कुठलं व्यसन नाही. पण हल्ली मुलगा पुण्याला नाही म्हटलं की निम्मी स्थळं फोनवरच संपतात. उरलेली घर बघायला यायची. आपल्याकडे मुलगी द्यायच्या आधी घर बघून जातात, त्याप्रमाणे पाहुणे यायचे, चहा प्यायचे, "कळवतो" म्हणून जायचे. मग मध्यस्थाकडून कळायचं की घराला ओल आहे म्हणतात. असं एकदा झालं, दोनदा झालं, पुन्हा झालं. अवी दुपारचा डबा दुकानावरच मागवायला लागला. मामीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ओळखू येईना. "छाये, माझ्या एका भितीपायी लेकरू बिनलग्नाचं ऱ्हायलं तर मी कुणाला तोंड दावू गं?"

ताडकळसकडचं एक स्थळ आठवड्याभराने येणार होतं. मी परभणीला शाळेत शिकवते, उन्हाळ्याची सुट्टी होती, मामीने बोलावून घेतलं. आम्ही दोघींनी त्या भिंतीचा फुगलेला गिलावा खरवडून काढला. मोबाइलमधला एक म्हातारा मातीत भुसा कालवून भिंती लिंपत होता, तसंच करायचं ठरलं. मी म्हटलं, भुसा आणते. "इकत कशाला? जिनिंगच्या मागं कचरा पडलाय ढीगभर," मामी म्हणाली. मामांनी कापसाच्या कचऱ्याची दोन पोती आणली. तंतू तंतू, मऊ, मातीत असा मिसळला की मामी खूश झाली. आम्ही चिखल तुडवला, भिंत लिंपली, वर फुटक्या बांगड्यांचे तुकडे दाबून वेली काढल्या. इतकी देखणी झाली ती भिंत की मामा जेवणसुद्धा तिच्याकडे तोंड करून करायला लागले. मीही दहा जणांना फोटो पाठवले.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मामांची हाक आली. "अगं, इकडं या दोघी. भिंत उगवली."

कचऱ्यात सरकी होती. कापसाचं बी. माती आम्ही घातलेली, पाणी न्हाणीचं, आणि ऊब वैशाखाची. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत सगळीकडे दोन-दोन पानांची हिरवीगार रोपं बाहेर आली होती. जन्मभर कापूस मोजलेले मामा, शेतकऱ्याची लेक असलेली मामी आणि मुलांना बीजांकुरण शिकवणारी मी, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी रोपं उपटायला गेले तर मुळासकट ढेकळंच हातात येऊ लागली. तेवढ्यात फोन आला, पाहुण्यांनी परभणी सोडली होती. मामांनी पलंगावरची चादर ओढली आणि खिळ्यांना अडकवली. "पडदा वाटतोय का?" त्यांनी विचारलं. वाटतोय, असं मी म्हटलं. मामी नुसती बघत उभी होती.

पाहुणे आले. मुलगी रेणुका स्वतः, तिचे वडील आणि आत्या. आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव, दाणे. रेणुकाचे वडील कापूसवालेच शेतकरी, मोकळा माणूस. साड्यांचं छत बघून हसले, अंगणातल्या फरश्यांची गोष्ट विचारून घेतली. रेणुकाची आत्यासुद्धा टायरच्या आसनावर बसून पाय हलवायला लागली. सगळं छान चाललं होतं. अवीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता. आणि रेणुका नेमकी त्या भिंतीशी, चादरीला पाठ लावून बसली होती.

मामी चहाचा ट्रे घेऊन आली ती तिथेच थबकली. चादर खालून भिजत वर आली होती. मामा डोळ्यांनी खुणावत होते, चहा दे, चहा दे. मामीने ट्रे खाली ठेवला.

"बाळा, ऊठ तिथून," ती रेणुकाला म्हणाली, आणि चादर काढून टाकली. "इथं वल हाय. लय वर्षांची हाय. मला हटली न्हाई. तुमच्या लेकीला इथं बसवून वरून झाकायला लागले होते मी. ते काय माझ्यानं होईना."

रेणुकाचे वडील उठले, भिंतीपाशी गेले आणि उकिडवे बसले. एका रोपाचं पान त्यांनी बोटांत धरलं, उलटून पाहिलं.

"उगवण चांगली हाय," ते म्हणाले. "आमी अजून मिरगाची वाट बघायलोत. तुमी तर पेरून मोकळे झालात."

आणि ते जे हसायला लागले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामा हसले, आत्या हसली, मी तर पदर तोंडात कोंबला. मामी हसली नाही. ती रेणुकाकडे बघत होती. रेणुका भिंतीच्या बुडाशी नखाने खरवडून पाहत होती. "मागं काय हाय?" तिने विचारलं. न्हाणी आहे म्हटल्यावर म्हणाली, "दाखवा." दोघी मागे गेल्या. बराच वेळ त्यांचे आवाज येत राहिले, मधूनच चढायचे. अवी रिकामा कप हातात फिरवत बसला होता.

परत आल्या तेव्हा दोघींचे पाय चिखलाने भरले होते. रेणुका वडिलांना म्हणाली, "बाबा, ह्या घरात लय काम हाय."

वडिलांचं हसू मावळलं. त्यांनी टोपी उचलली, डोक्यावर बसवली. आत्याने पर्स काखेला अडकवली. मामीने दाराची चौकट धरली. माझ्या मनात आलं, झालं, हेही गेलं.

"उठता काय?" रेणुका म्हणाली. "न्हाणी त्या कोपऱ्यात न्यावी लागंल. पावसाळ्यात खांदता येत न्हाई. तारीख जवळची धरा." मग अवीकडे वळून तिने विचारलं, "तुमाला पाइप जोडता येतो ना?"

"येतो," अवी म्हणाला. त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

लग्नाच्या हळदीचे हात पुरते धुतले नव्हते तोवर सासू-सुनेने न्हाणी फोडली. त्या दोघींची भांडणं ऐकायला मी मुद्दाम जायचे. मामीने म्हणावं उतार इकडे, रेणुकाने म्हणावं, "न्हाई आत्याबाई, तिकडं." सकाळच्या चहाला सुरू झालेलं भांडण दुपारी एकाच ताटात भाकरी खाताना चालू असायचं. एवढ्या वर्षांत मामीला कुणी कामात 'असं नाही, तसं' म्हणालं नव्हतं. आम्ही फक्त विटा धरायचो. भांडायला बरोबरीचं माणूस मिळालं आणि मामी दहा वर्षांनी लहान झाली. "लय आगाव हाय," असं माझ्या कानात सांगायची आणि डोळे कसे चमकायचे तिचे. ती भिंत पुढे कोरडीठाक झाली. उगवलेली माती काढून दोघींनी नवा गिलावा दिला.

मागच्या वर्षी मामी आजारी पडली. परभणीच्या दवाखान्यात थोडे दिवस काढले, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. रेणुकाने तिची खाट बैठकीत त्या भिंतीला लावली. येईल त्याला मामी म्हणायची, "टेका की. टेकून बसा, काय होत न्हाई." तब्येत विचारायला आलेली माणसं भिंतीचं कौतुक करून परत जायची. मलाही तिने शेजारी बसवून घेतलं. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून, पाय पसरून दुपारभर गप्पा मारत बसलो. मी आयुष्यात इतकी सुखाने कुठे बसले नसेन.

अशीच एका दुपारी, टेकून बसल्या बसल्या ती गेली. मला पोचायला संध्याकाळ झाली. बायकांनी तिला आंघोळ घातली, रेणुकाने पाठ पुसली, हलक्या हाताने, कितीतरी वेळ. तोवर ती रडली नव्हती. सगळ्यांना पाणी दे, मामांना औषध दे, असं तिचं चाललं होतं. मी जवळ गेले तेव्हा हातातला टॉवेल तसाच धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आत्याबाईच्या पाठीला वल लागू दिली न्हाई मी, ताई," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडली.