सातव्या बेटानंतर

नलिनीबाई भेंडी चिरत होत्या, पण कान सोफ्यावरच्या सिद्धेशकडे होते. पंचेचाळिशीला टेकलेला त्यांचा हा मुलगा जुन्या टीव्ही गेमची परीक्षणं मोबाइलवर टाकायचा. आज नेमका तोच गेम होता, जो शाळेत असताना त्याने घाटकोपरच्या चाळीत तीन दिवस खेळला होता. खेळ सेव्ह करायची सोय नव्हती, म्हणून शाळेत जाताना तो गेमचा डबा चालूच ठेवून जायचा. तिसऱ्या दिवशी, सहाव्या बेटावर असताना, सगळं पुसलं गेलं. "लाइट गेली होती," नलिनीबाईंनी तेव्हा सांगितलं होतं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

"दहापैकी चार," सिद्धेश मोबाइलसमोर म्हणाला. "चित्रं झकास, पण शेवटच नाही. सातव्या बेटानंतर परत पहिलं बेट. खजिना कुठेच नाही."

नलिनीबाईंची सुरी थांबली. छातीवरचं तीस वर्षांचं दडपण झर्रकन उतरलं, आणि मग त्यांना रागच आला.

"लाइट गेली नव्हती. पिन मीच काढली. चटका बसेल इतका तापला होता मेला तो डबा, घर पेटवलं असतं. खजिनाच नव्हता, तर इतकी वर्षं माझा जीव कशाला खाल्ला त्याने?"

सिद्धेश हसला. "मला तेव्हाच कळलं होतं, आई. शेजारच्या कमळकाकू म्हणाल्या, त्या दिवशी त्या सकाळपासून टीव्ही बघत होत्या. त्यांची लाइट गेलीच नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"दोन दिवस तूही जेवली नव्हतीस."