मुक्ता विंगेतच राहिली

मुक्ता गेल्याचं मला दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. नाशिकला, आईवडिलांकडे, तापाचं निमित्त होऊन... वय सव्वीस. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि मंडळाच्या अध्यक्षांचे शब्द : 'एक गुणी अभिनेत्री हरपली.' वाचून माझं डोकं फिरलं.

ती माझ्या शाळासोबत्याची मुलगी. पहिली नोकरी दोह्याच्या मुशैरिब भागात, माझ्याच ऑफिसात. नकाशांच्या नोंदी ठेवायची आणि एकीकडे पुटपुटत असायची. "जप चाललाय का गं?" म्हटलं तर म्हणायची, "काका, दुसऱ्या अंकात आहे मी. यल्ला, चला, नंतर या!" गुरुवारी कामावरून थेट माझ्या घरी, मंडळाच्या नाटकाच्या तालमीला. मी दिग्दर्शक, ती नायिका. पाच आठवड्यांत सगळ्यांचीच वाक्यं तिला पाठ झाली होती.

मग समितीची बैठक झाली. एकटी राहणारी, लग्न न झालेली पोर स्टेजवर एका संसारी माणसाची बायको म्हणून उभी राहणार? "प्रेक्षकांत आपली फॅमिली मंडळी असतात, साहेब," अध्यक्ष म्हणाले. भूमिका त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, मिळाली. नायक तोच होता! स्वतःच्या बायकोने त्याच माणसाची बायको व्हायला अध्यक्षांची हरकत नव्हती. आणि मी? मी मान डोलावली. वीस वर्षांचे संबंध बिघडायला नकोत म्हणून.

मुक्ताला सांगायलाही मी माझ्या बायकोला पुढे केलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "तुम्ही स्वतः सांगितलं असतंत तर भांडले तरी असते, काका." मग विचारलं, "प्रॉम्प्टिंगला कोण आहे?"

प्रयोगात वहिनी पहिल्याच अंकात अडखळल्या. मुक्ताने विंगेतून त्यांना वाक्यामागून वाक्य देत शेवटापर्यंत नेलं. नंतर माइक माझ्या हाती होता. चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं मी घेतली. समितीने दिलेल्या यादीत तिचं नव्हतं... मी यादीच वाचली. नोकरीचा करार संपला तशी ती परत गेली.

परवा अध्यक्षांनी ग्रुपवर विचारलं, 'शोकसभेच्या बॅनरसाठी मुक्ताचा स्टेजवरचा फोटो आहे का कुणाकडे?' मी शोधला. असणार कुठून? प्रयोगाचं रेकॉर्डिंग सापडलं, त्याचा एक तुकडा टाकला. त्यात वहिनी गप्प उभ्या आहेत आणि बाहेरून मुक्ताचा आवाज येतोय, स्वच्छ, न घाबरलेला. खाली लिहिलं, 'ही मुक्ता. हिला स्टेजवर येऊ न देणाऱ्यांत मीही होतो.'

अध्यक्षांनी ते काढून टाकलं. मी पुन्हा टाकलं.